मुद्दा क्रमांक चार

दिल्लीत मराठी माणूस बदलीवर येतो, नाहीतर परीक्षेसाठी येतो. बदलीवरचा तीन वर्षं दिल्लीच्या थंडीला नावं ठेवतो आणि पुण्याची ऑर्डर हातात पडली की परततो. परीक्षावाला राजेंद्रनगरच्या खोलीत, खाटेखाली पुस्तकं आणि खाटेवर मित्र अशा अवस्थेत चारपाच वर्षं काढतो आणि तहसीलदार होऊन किंवा न होऊन तोही गावी जातो. या येण्याजाण्यात काही जण मात्र इथेच राहून जातात. सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार होतो, मुलं पहाडगंजच्या नूतन मराठीत शिकतात, पुढे यमुनेपार सहकारी सोसायटीत फ्लॅट मिळतो आणि एके दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन साहेब कायमचे घरी येतात. त्या दिवसापासून देशाच्या अर्थव्यवस्थेकडे पाहायला त्यांना पूर्ण वेळ मिळतो. हे आपले धोरणकाका.

दिल्लीतल्या प्रत्येक मराठी मंडळात एक तरी धोरणकाका असतातच. दोन असले की मंडळ फुटतं. गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत जो माणूस पुढे सरकत नाही, कारण तो मागच्या माणसाला वित्तीय तूट समजावून सांगत असतो, तो धोरणकाका. महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहात थाळी संपून बोटं वाळली तरी जो उठत नाही, आणि ज्याच्यामुळे समोरच्यालाही उठता येत नाही, तोही तोच.

मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे ते पटपडगंजला राहतात. पुण्याच्या गोखले संस्थेतून अर्थशास्त्र करून ते पंचविशीत योजना भवनात शिरले आणि पस्तीस वर्षांनी संयुक्त सल्लागार होऊन २०१२ साली बाहेर पडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५ ऑगस्ट २०१४ ला, लाल किल्ल्यावरून योजना आयोग गुंडाळण्याची घोषणा झाली आणि १ जानेवारी २०१५ ला नीती आयोग आला. या दोन गोष्टींचा संबंध काका स्वतः लावत नाहीत. पण कुणी लावला तर त्याला अडवतही नाहीत.

अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा. खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक हिरवं. हिरव्या शाईत लिहायचा मान सहसचिव आणि त्याच्या वरच्यांचा, असा सरकारी रिवाज. काका त्या पायरीपर्यंत पोचले नव्हते. पण निवृत्त माणसाच्या शाईचा रंग कोण तपासतो? काखेत पुठ्ठ्याची फाइल, तिला पांढरी नाडी, आणि आत काकांच्या भाषेत ‘नोट’. नोट नेहमी पाठकोऱ्या कागदावर असते. एका बाजूला बाराव्या पंचवार्षिक योजनेचा रद्द मसुदा, दुसऱ्या बाजूला काकांचा चालू मसुदा. कागद वाचतो, झाड वाचतं आणि वाचणाऱ्याला कुठली बाजू वाचायची ते कळत नाही.

काकांचं कुठलंही बोलणं चार मुद्द्यांचं असतं. एक, सद्यःस्थिती. दोन, कारणमीमांसा. तीन, उपाययोजना. चार, निधीची तरतूद. विषय बेरोजगारीचा असो, यमुनेवरच्या फेसाचा असो, की मंडळाच्या गणपतीला मोदक उकडीचे की तळणीचे याचा असो, क्रम हाच. पहिल्या मुद्द्याला ऐकणारा मान डोलावतो. दुसऱ्याला ‘अगदी बरोबर’ म्हणतो. तिसऱ्याला तर त्याला भरून येतं. हाताला काम मिळावं, हवा स्वच्छ व्हावी, सरकारी दवाखान्यात औषध असावं, बस वेळेवर यावी, यातलं नको कुणाला आहे? मग काका घसा साफ करतात, हिरवं पेन काढतात आणि म्हणतात, “आता मुद्दा क्रमांक चार.” त्याबरोबर समोरच्याला मुलाला शाळेतून आणायचं असल्याचं आठवतं. परवा हे एका सत्तरीच्या गृहस्थांना आठवलं, तेही रविवारी.

काकांच्या बरोबरीचे बरेच जण शहाणे आहेत. ते तिसऱ्या मुद्द्यावर थांबतात. त्यांना व्याख्यानाची बोलावणी येतात, पुष्पगुच्छ मिळतात. काकांना आजवर एकाच ठिकाणी दुसऱ्यांदा व्याख्यानाला बोलावलेलं नाही.

त्यांच्या दिवाणखान्यात विठोबाच्या तसबिरीखाली तीन फोटो आहेत: चिंतामणराव देशमुख, धनंजयराव गाडगीळ आणि वि. स. पागे. घरी नवा माणूस आला की आधी पाणी, मग हे तिघं, मग चहा. चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, अर्थमंत्री झाले आणि १९५६ साली मुंबईसाठी मंत्रिपदावर लाथ मारून मोकळे झाले, हे सांगताना दिल्लीतल्या कुठल्याही मराठी माणसाची छाती फुगते. काकांची फुगते ती जरा आधीच्या जागी. “राजीनामा सगळ्यांना पाठ आहे,” ते म्हणतात. “पण त्याच माणसानं १९५३ साली इस्टेट ड्यूटी आणली, वारसानं मिळणाऱ्या मालमत्तेवर कर बसवला, हे सांगतं का कुणी?” कुणीच सांगत नाही. पाहुणा पाण्याचा पेला खाली ठेवतो.

गाडगिळांवर त्यांची श्रद्धा आहे, कारण केंद्राची मदत राज्यांना वाटताना ज्याच्या ओळखी जास्त त्याला जास्त, हा रिवाज मोडून १९६९ साली त्यांनी सूत्र घालून दिलं. पण काकांचं खरं दैवत म्हणजे पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर नावाचं गाव आहे. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांनी १९६५ साली तिथे प्रयोग केला: जो काम मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते, खडी. १९७७ साली विधिमंडळानं तिचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि २००५ साली संसदेनं देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव समोर होता.

इथे पाहुणा टाळी वाजवायच्या बेतात येतो.

“हा मुद्दा तीन झाला,” काका म्हणतात. “आता चार. पैसे कुठून आले?” पैसे आले ते व्यवसाय करातून. १९७५ साली महाराष्ट्रात हा कर बसवला तोच या योजनेसाठी. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापायचे, जमतील तेवढीच भर सरकारनं घालायची आणि तासगावात खडी फोडणाऱ्या बाईच्या हातावर ठेवायचे. पुण्यामुंबईच्या पगारपत्रकावर आजही महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात. वर्षाचे अडीच हजार. कापून घेणाऱ्याला वाटतं, ही काहीतरी कंपनीची भानगड. “कल्पना पन्नास जणांना सुचतात,” काका सांगतात, “पागे टिकले, कारण त्यांच्या कल्पनेला चौथा मुद्दा होता.”

इथवर सगळं ठीक. पंचाईत अशी की काकांना स्थळकाळाचं भान नाही. मध्यंतरी करोलबागेतले एक जुने स्नेही वारले. तेराव्याला काका गेले. जेवणं उरकली होती. दोन्ही मुलगे आणि जावई कोपऱ्यात बसून दबक्या आवाजात बोलत होते. आवाज दबका होता कारण विषय घराच्या तीन मजल्यांचा होता आणि वारस दोन होते. काका जवळ गेले आणि थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आप्पा योग्य वेळी गेले.”

थोरल्याला वाटलं, आजारपणातून सुटले म्हणताहेत. त्यानं डोळे पुसले.

“मार्च १९८५ च्या आधी गेले असते, तर वीस लाखांच्या वरच्या मालमत्तेला पंच्याऐंशी टक्के होते.”

थोरल्यानं रुमाल तसाच धरला. काका पुढे सरकले. विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री होते, त्यांनी ही इस्टेट ड्यूटी रद्द केली. कारण काय, तर वसुली वर्षाला वीसेक कोटींची आणि कटकटी त्याहून जास्त. म्हणजे बादली गळते म्हणून नळच उपटून टाकला! २०१५ साली संपत्ती करही गेला. आता बापाच्या मिळकतीवर कर आहे, मुलाच्या पगारावर कर आहे, या घरच्या मोलकरणीनं घेतलेल्या बिस्किटाच्या पुड्यावर कर आहे; फक्त बापाकडून मुलाकडे आयतं जे येतं त्यावर नाही. “तुम्हा दोघांना नाही म्हणत मी,” काका मायेनं म्हणाले, “एक वर्ग म्हणून म्हणतोय.”

धाकट्यानं लाडवाचं ताट पुढे केलं आणि तो आत गेला, तो काका जाईपर्यंत बाहेर आला नाही. जावई मात्र जागचा हलला नाही. जावयाला या कराविषयी मुळातच सहानुभूती असते.

दिवाळी संपली की काकांचा हंगाम सुरू होतो. दिल्लीचं आभाळ राखी होतं, शाळा बंद पडतात, निर्बंधांचे टप्पे एक ते चार असे जाहीर होतात (टप्पे चार आहेत म्हणून काकांना ही योजना आतून आवडते) आणि सोसायटीच्या बागेत सकाळी फिरणारी मंडळी मास्कआडून पंजाबच्या शेतकऱ्याला शिव्या देतात. काका त्यांना अडवतात. “पंजाबनं २००९ साली भूजल वाचवायला कायदा केला: १० जूनच्या आधी भातलावणी करायची नाही. हेतू उत्तम. पण लावणी लांबली म्हणून कापणी लांबली, आणि भात निघून गहू पेरायला हातात उरले जेमतेम दोनतीन आठवडे. तेवढ्यात धसकटं काढायची तर सगळ्यात स्वस्त अवजार कुठलं? काडेपेटी. वर पंपाची वीज फुकट, आणि सरकार हमखास विकत घेणार ते भात. मग तो बाजरी कशाला पेरेल? पाणी वाचवायला गेलो आणि तुमचा श्वास अडकला. आणि हा धूर चार दिवसांचा पाहुणा. बाकी वर्षभर घरचाच आहे, आपल्या गाड्यांचा, बांधकामांचा, कचरा जाळण्याचा.”

सगळे खोकत खोकत मान डोलावतात. तळमजल्यावरचे कर्नलसाहेब म्हणतात, “करेक्ट अ‍ॅनालिसिस.”

“मुद्दा क्रमांक चार. भात सोडणाऱ्याला नुकसानभरपाई द्यायची. पैसे दिल्लीकरांचे. गाडीच्या आकाराप्रमाणे.”

“माझी गाडी बीएस-सिक्स आहे,” कर्नलसाहेब म्हणतात आणि अचानक जॉगिंग सुरू करतात. हवेचा निर्देशांक चारशेच्या वर असताना त्यांना धावताना पाहून वॉचमन सलाम ठोकतो.

पण काकांच्या काळजाला खरं लागलेलं आहे ते कोळशाचं. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये अधिभार बसला. धूर करणाऱ्याकडून घ्यायचे आणि स्वच्छ ऊर्जेच्या निधीत टाकायचे. २०१४ साली तो १०० झाला, २०१५ साली २००, २०१६ साली ४००. काका तेव्हा निवृत्त होते, तरी प्रत्येक अर्थसंकल्पाला त्यांनी घरात पेढे आणले. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि कोळशाचे चारशे रुपये राज्यांच्या महसुलाची भरपाई करायला गेले. “मुद्दा चार जमला होता हो!” हे सांगताना त्यांचा आवाज चिरकतो. त्यांनी मंत्रालयाला पत्र लिहिलं. ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे’ असं उत्तर आलं. काकांनी त्याची पोच दिली. मंत्रालयानं पोच मिळाल्याचं कळवलं. हा पत्रव्यवहार फाइलीत आहे आणि दोन्ही बाजूंनी अतिशय सभ्य आहे.

काकूंना या सगळ्याचं काय वाटतं, असं लोक विचारतात. काकूंनी या अर्थशास्त्राशी आपल्यापुरता तह केलेला आहे. अर्थशास्त्रज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली गरिबी मोजताना माणशी दिवसाला २२५० उष्मांक धरले होते. जेवताना काका तो हिशेब मोठ्यानं करतात. तिसरी पोळी झाली की काकू तवा उतरवतात. “तुम्ही रेषेच्या वर आलात,” त्या म्हणतात आणि ओटा पुसायला घेतात.

ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीच्या बसमध्ये बायकांचा प्रवास फुकट झाला, तेव्हा काकू गुलाबी तिकीट घेऊन लक्ष्मीनगरच्या बाजाराला जाऊ लागल्या. शेजारी बसून काका स्वतःचं पूर्ण तिकीट काढत आणि कंडक्टरला सांगत की याला अनुदान म्हणू नये, ही गुंतवणूक आहे. बाई घराबाहेर पडली की तिची मजुरी वाढते आणि मजुरी वाढली की देशाची मागणी वाढते. कंडक्टर म्हणे, “अंकलजी, आगे बढ़िए.” काकांना ते देशाला उद्देशून वाटे.

त्यांचा मुलगा गुडगावला एका सल्लागार कंपनीत आहे. तोही धोरणंच करतो. फक्त तो नोट लिहीत नाही, डेक बनवतो. बापाच्या नोटेत चार मुद्दे, मुलाच्या डेकमध्ये साठ स्लाइड. त्यांतल्या सत्तावन्न स्लाइडवर सद्यःस्थिती असते, दोनांवर गवतात उभी असलेली पवनचक्की, आणि शेवटच्या स्लाइडवर ‘पुढील वाटचाल’ या शीर्षकाखाली उजवीकडे जाणारा एक बाण. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ साली भारतानं २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला, त्यावर मुलानं एक देखणा आराखडा केला. काकांनी तो चष्मा लावून पाहिला.

“२०७० ला मी एकशे अठरा वर्षांचा असेन,” काका म्हणाले. “तू शहाऐंशी. मग जबाबदार अधिकाऱ्याचा रकाना कुणाच्या नावानं भरायचा?”

“बाबा, तो रकाना क्लायंटनं काढायला सांगितला.”

हाच मुलगा आधी पुण्यात नोकरीला होता. गुडगावला आल्यावर एकदा जेवताना सहज बोलून गेला की हरियाणात व्यवसाय कर नाही, वर्षाला अडीच हजार वाचतात. काकांनी घास खाली ठेवला. “वाचत नाहीत. थकतात.” त्या वर्षीपासून घरगुती व्यवसाय कर सुरू झाला. मुलगा दर १ एप्रिलला यूपीआयनं अडीच हजार पाठवतो. काका त्याला पावती देतात. सून त्याला ‘बाबांचं सबस्क्रिप्शन’ म्हणते.

त्या पैशांचं काय होतं, ते गच्चीवर गेल्यावर कळतं. काकांच्या सोसायटीच्या गच्चीवरून गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर दिसतो. १९८४ पासून दिल्ली तिथे कचरा ओतते आहे. २०१९ साली त्याची उंची ६५ मीटरवर गेली. कुतुबमिनार ७३ मीटर. १ सप्टेंबर २०१७ ला त्याचा एक कडा ढासळला आणि दोन माणसं मेली. पश्चिमेकडून वारा असला तर सोसायटीला डोंगराचा विसर पडतो, पूर्वेचा सुटला तर खिडक्या लागतात. या डोंगराची रोजची भर सोसायटीतून उचलून नेतो एक पोरगेला माणूस, सायकल-रिक्षाच्या मागे पत्र्याची पेटी लावून. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करावा असा नियम २०१६ साली झाला. सोसायटी सगळं एकाच पिशवीत देते. मग तो फाटकाबाहेर पिशव्या उलट्या करतो आणि बाटल्या, पुठ्ठे, पत्र्याचे डबे हातानं वेचतो. घरटी मिळणाऱ्या पैशांत त्याचं भागत नाही. त्याची खरी मिळकत त्या बाटल्यांत.

काका एकदा तिथे वही घेऊन गेले आणि आपल्या सरकारी हिंदीत विचारते झाले, “नीति के संबंध में आपकी क्या अपेक्षाएँ हैं?”

तो उकिडवा बसला होता. मनगटापर्यंत हात आमटीत माखलेला, आणि त्या हातात पाण्याची बाटली. त्यानं ती झटकली. “बाबूजी, गीला अलग कर दो, बस. दाल में से बोतल निकालते-निकालते हाथ सड़ जाता है.”

काकांनी त्याच्या नखांकडे पाहिलं आणि वही मिटली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी लाभार्थी हा शब्द हजारो वेळा लिहिला होता. त्यांतल्या कुणी कधी इतकं स्वस्तातलं काही मागितलं नव्हतं. त्या वर्षीच्या अडीच हजारांतून रबरी हातमोजे आणि गमबूट आले. पावत्या फाइलीत आहेत.

मग काकांनी नोट लिहिली. सोसायटीच्या वार्षिक सभेत ती अकरा पाठकोऱ्या पानांवर वाटली. सद्यःस्थिती: टाळ्या. कारणमीमांसा: टाळ्या. उपाययोजना: घरोघरी तीन डबे, फाटकाशी शेड, वेचणाऱ्याला सोसायटीकडून ठराविक पगार आणि सुक्या कचऱ्यावर त्याचाच हक्क. टाळ्या, आणि कर्नलसाहेबांची शिट्टी. तिन्ही मुद्दे एकमतानं मंजूर.

मुद्दा चार: ज्या घरी दुसरी गाडी आहे त्यानं महिन्याला तीनशे रुपये.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. जानेवारी २०१६ मध्ये दिल्लीत सम-विषमचा प्रयोग झाला: सम तारखेला सम नंबराच्या गाड्या, विषमला विषम. पंधरा दिवसांचा. काकांनी तेव्हाच बजावलं होतं की मेक्सिको शहरानं १९८९ पासून असंच केलं आणि लोकांनी दुसऱ्या नंबराची गाडी घेतली. सोसायटीतल्या काही जणांनी यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. त्यांची दुसरी गाडी शोरूममधून येईपर्यंत प्रयोग संपला होता. त्या गाड्या अजून उभ्या आहेत, आणि त्यांचे मालक या सभेत बसले होते.

सगळ्यांना आपापली मुलं शाळेतून आणायची असल्याचं आठवलं. सेक्रेटरीनं तोडगा काढला: मुद्दा चार विशेष सभेपुढे ठेवावा. विशेष सभा जानेवारीतल्या रविवारी सकाळी अकराला लागली. बाहेर धुकं, घरात रजया, टीव्हीवर मॅच. कुणी येणार नव्हतं, हीच तर योजना होती.

पण माणूस योजना भवनातला होता. गणपूर्ती नसेल तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि नंतर जमलेल्यांत चालवायची, ही तरतूद महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला झोपेतून उठवलं तरी पाठ असते. इथल्या सभासदांनी आपले उपविधी उघडलेच नव्हते. काकांनी सूचनेच्या तळाशी बारीक अक्षरात ते कलम आधीच घालून ठेवलं होतं. अकरा वाजता सभा तहकूब झाली. साडेअकराला हॉलमध्ये काका होते, काकू होत्या आणि हॉलची किल्ली परत घ्यायला आलेले खजिनदार होते. काकांनी ठराव मांडला. काकूंनी अनुमोदन दिलं, कारण कुकर लावायचा होता. खजिनदारांना किल्ली हवी होती. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

पुढच्या महिन्याच्या बिलात तीनशे रुपये दिसले आणि त्याच संध्याकाळी सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा गणपूर्ती झाली. खुर्च्या कमी पडल्या. रजयांसकट माणसं आली. दोन तास नुसती आग पाखडणं चाललं होतं. दोन गाड्यांवाले म्हणाले, खोकी आमच्याकडून येत नाहीत, रोज ऑनलाइन मागवणाऱ्यांकडून घ्या. ऑनलाइनवाले म्हणाले, मोठ्या फ्लॅटवाल्यांकडून घ्या. मोठे फ्लॅटवाले म्हणाले, भाडेकरूंकडून घ्या. एक भाडेकरू मुलगी उठली आणि म्हणाली, ज्यांना भाडं मिळतं त्यांच्याकडून घ्या. कर्नलसाहेबांनी नकाशा मागवला. कोण किती कचरा करतं, कुणाची ऐपत किती, ज्यानं घाण केली त्यानं भरावं की ज्याला परवडतं त्यानं, यावर त्या हॉलमध्ये जी चर्चा झाली, ती अर्थसंकल्पाच्या दिवशी कुठल्याही वाहिनीवर ऐकायला मिळत नाही. काका भिंतीला टेकून चहा पीत होते. इतकी वर्षं त्यांना हा मुद्दा एकट्यानं बोलावा लागला होता. आज पन्नास माणसं त्यावर भांडत होती, आणि एकालाही घरी जायचं नव्हतं.

शेवटी तीनशेचे पन्नास झाले. शिल्लक राहिली तर दिवाळीच्या रोषणाईला वापरू, असं खजिनदार म्हणताच काका ताडकन उठले आणि ठरावाच्या समासात स्वतः हिरव्या शाईनं लिहिलं: ‘या निधीतला एकही रुपया इतरत्र वळवता येणार नाही.’ कर्नलसाहेबांनी डबे तपासायचं काम स्वतःकडे घेतलं. तेव्हापासून सकाळी सातला ते जिन्यात उभे असतात आणि निम्म्या घरांचा ओला कचरा नुसत्या धाकानं वेगळा होतो.

हॉल रिकामा होत असताना मी काकांना म्हटलं, “तीनशेचे पन्नासच राहिले की हो.”

“कोळशावर २०१० साली पन्नासच होते,” काका फाइलीची नाडी बांधत म्हणाले. “सहा वर्षांत चारशे झाले.”

हे ते हिंदीतही बोलले, आणि जरा मोठ्यानं. इतिवृत्त लिहीत बसलेल्या सेक्रेटरीनं मान वर केली. “अंकलजी, यह भी लिख दूँ?”

“अभी नहीं,” काका म्हणाले. “वह मुद्दा क्रमांक पाँच है.”